घर मीच विकून राहिलो

चेरीताल, जबलपूर
१४ सप्टेंबर २०११

आदरणीय शेवंताताईस,

धाकट्या लक्ष्मणचा जय भीम. तुझ्या डाव्या गुडघ्यालाही वेगळा जय भीम, कारण घरात आता तोच सगळ्यात जास्त बोलतो असं तुझी सून सांगत होती. तेल लावतेस की बाटली नुसती खिडकीत ठेवतेस? माझी तब्येत बरी आहे. साखर थोडी वाढली, पण तिला बोलून फायदा नाही, ती आपल्या खानदानातलीच आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू तीन मिनिटांत "चल, ठेवते" म्हणतेस, अन् मला तर पुरी हकीकत सांगायची आहे.

तर ताई, मी घर विकायला काढलं. बसून घे जरा. बाबांनी बांधलेलं, ज्याच्या विटा तू डोक्यावर वाहिल्या, तेच घर. शैलेंद्र म्हणतो, बाबा, आई गेल्यावर तुम्ही एकटे तिथं काय करून राहिले, दिवाळीपर्यंत विका अन् पुण्याला या. पोरगं चांगलं आहे, सूनही चांगली (विनता मला पाणीसुद्धा विचारून कोमट देते). नवव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली ठेवली आहे, तिला खिडकी आहे, खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. नाही म्हणायला काही कारणच सापडेना, म्हणून हो म्हटलं. पहिले एक दलाल बोलावला. तो आत आलाच नाही. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत पावलं टाकली अन् म्हणाला, अंकल, मकान तो गिरेगा ही, जमीन का रेट निकालते हैं. ज्या भिंतींना माझ्या बायकोनं, पार्वतानं, तीस वर्षं आपल्या हातानं चुना लावला, त्या या माणसानं उभ्या उभ्या पाडल्या! मी म्हटलं, भैया, तुम्ही निघा, मी स्वतःच विकतो. आयुष्यभर फॅक्टरीत नोकरी केली, एक घर विकता येणार नाही?

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. तुला माहीतच आहे, बत्तीस वर्षं माझं काम एकच, दारूगोळ्याच्या पेट्यांवर अक्षरं काढायची. आत जे आहे ते बाहेर लिहायचं, काही लपवायचं नाही, नाहीतर साहेब पेटी परत पाठवायचा. घराची पाटीही मी तशीच काढली. पिवळ्यावर लाल. मकान बिकाऊ है, दलाल क्षमा करें. अन् त्याच्या खाली, उत्तर की दीवार में सीलन. मई-जून में नल सिर्फ बीस मिनट. पीछे का दरवाजा फूलता है, कंधा मारें. चार दिवस कोणी फिरकलं नाही. दूधवाला रस्त्याच्या पलीकडूनच हाका मारायला लागला, त्याला वाटलं घरात काही स्फोटक सापडलं. शैलेंद्रला पाटी फोनवर वाचून दाखवली तर तो म्हणाला, बाबा, कमीत कमी ते कंधा मारें तरी पुसा. काहून पुसू? दार फुगते तर फुगते!

मग हळूहळू लोक येऊ लागले. शेजारच्या चंपाबाईनं पोह्यांचं काम अंगावर घेतलं, अन् तिथं माझी मोठी चूक झाली. समोर पोहे आले की मला मुलगी दाखवायचा कार्यक्रमच वाटते. त्यांनी घर पाहायच्या आधी मीच त्यांना पाहायला लागलो. मूळ गाव कोणतं, आईवडील सोबत राहतात का, अंगणातल्या कडुलिंबाचं काय कराल. गढ्याचे एक कापडवाले शेठ आले, माणूस मोठा गोड, दोनदा पोहे घेतले, अन् म्हणाले, नीम काटके गाड़ी रखेंगे. मी म्हटलं, विचार करून कळवतो. मदन महलचे एक रेल्वेतले रिटायर्ड गार्डसाहेब आले. त्यांना सगळं पसंत होतं, पण पार्वता ज्या फरशीवर कपडे धुवायची ती त्यांनी बुटाच्या टोकानं ठोकून पाहिली. असा राग आला ताई, काय सांगू! ते गेल्यावर पाटीवर आणखी एक ओळ वाढवली, छत पर बंदर आते हैं. (येतातच ना, खोटं काहून लिहीन.) चंपाबाई म्हणाली, दादा, तुमचं घर काही विकत नाही, माझे पोहे मात्र संपून राहिले.

काल शरयू नावाची एक मास्तरीण नवऱ्याला घेऊन आली. आपलीच मराठी, पण अर्धी हिंदीतून. चप्पल बाहेर काढली. ओल आलेली भिंत हातानं चाचपली अन् म्हणाली, काका, चुना लगा लेंगे ना, तोडायचं काहून? मागचं दार पहिल्याच झटक्यात खांद्यानं उघडलं, पाटी वाचून आली होती. कडुलिंबाखाली उभी राहून नवऱ्याला म्हणाली, इथं आईची खाट टाकू. पोह्यांत मीठ कमी होतं, तरी छान म्हणाली. एवढं शोधलं, पण तिच्यात एक दोष निघाला नाही गं. रविवारी बयाणा घेऊन येतो म्हणाले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण ते फाटकाबाहेर गेले अन् पार्वताची इतकी आठवण आली, की मी ओट्यावर बसलो तो बसूनच राहिलो. वाईट लोक येत होते तोवर मला भीती नव्हती. आता घर खरंच चाललं. संध्याकाळी याच ओट्यावर आपण सगळे बसायचो, बाबा, आई, तू. आता मी एकटाच असतो, तरी सगळ्यांची जागा सोडून कडेला बसतो.

चलो, बाकी सगळं ठीक आहे. कागदपत्रं तयार आहेत. भाच्याला अन् सूनबाईला जय भीम सांग.

तुझा भाऊ
लक्ष्मण

ता. क. जाता जाता शरयूच्या नवऱ्यानं विचारलं होतं, काका, और किसी का हिस्सा तो नहीं है ना? आयुष्यात पेटीवर एक खोटं अक्षर काढलं नाही मी, पण तोंडातून निघून गेलं, बहिणीचा वाटा आहे अन् ती राजी नाही. तो म्हणाला, मग रविवारपर्यंत त्यांना विचारून ठेवा. मी बोललो त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुझ्या हातात आहे.

आणखी ता. क. रविवारच्या आत शैलेंद्रला एक कडक पत्र टाक, की बाबांच्या घरात माझा वाटा आहे, मी सही देत नाही. दुनियेतले भाऊ बहिणीच्या पाया पडतात, बाई, हक्क सोड म्हणून. मी तुझ्या पाया पडतो, हक्क माग. भांडून माग. शरयूची काळजी करू नको, तिच्यासाठी मी अख्खं चेरीताल पालथं घालीन, पण चांगलं घर शोधून देईन.

शेवटचं. शैलेंद्र वकिलाला विचारल्याशिवाय राहणार नाही, अन् वकील म्हणेल, नुसत्या पत्रानं काय होते, ताबा कुठं आहे? भाऊजी गेल्यापासून तूही तिथं दिवसभर एका खोलीत असतेस, तू सांगत नाहीस पण मला कळते. समोरची खोली झाडून ठेवली आहे. ताबा घ्यायला ये. परतीचं तिकीट काढू नको.