दोन मिनिटं चौदा सेकंद

३ जून
गिटार शिकायचं ठरवलं. कारण साधं आहे. आठ महिने कपाटावर पडून आहे, आणि वस्तू वापरली नाही की बिघडते. शिलाई मशीनचंही तसंच. ह्यांच्या जाण्याशी याचा काही संबंध नाही. हे असते तरी मी शिकलेच असते. चौतीस वर्षांत वेळ मिळाला नाही, एवढंच.
लेकीला फोनवर सांगितलं. तिने दोनदा विचारलं, गिटार? मग म्हणाली, आई, तू बरी आहेस ना? म्हटलं, बरी आहे म्हणूनच शिकतेय. आजारी माणूस गिटार शिकतं का?

४ जून
लायब्ररीतून गिटारवरचं पुस्तक आणलं आणि एका दिवसात वाचून काढलं. शाळा सातवीतच सुटली, पण पुस्तकांना मी घाबरत नाही. पूर्ण नोट म्हणजे चार मोजेपर्यंत वाजू द्यायची. अर्धी म्हणजे दोन. पाव म्हणजे एक. आणि रेस्ट म्हणजे तेवढा वेळ गप्प बसायचं. हे तर कापडाच्या मापासारखंच आहे. जड जाणार नाही.
ह्यांच्या मोबाइलमध्ये त्यांनी वाजवलेली एक चाल आहे. स्वतःच रेकॉर्ड केलेली. दोन मिनिटं चौदा सेकंद. लिफ्टची कामं करून घरी आले, की साबणाने ग्रीस काढायचे आणि आतल्या खोलीत बसून हीच चाल वाजवायचे. १४ सप्टेंबर आमच्या लग्नाचा दिवस. त्या दिवशी मोबाइल लावून त्यांच्याबरोबर ही चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. तीन महिन्यांच्या वर वेळ आहे. खरं तर दोन पुरतील.
निश्चय: रोज पाऊण तास.

७ जून
चष्म्याच्या दुकानाच्या वर एक क्लास आहे, तो लावला. दर शनिवारी. सर आमच्या लेकीपेक्षा लहान. मला काकू म्हणतात. म्हणाले, काकू, तुम्ही घाई करता. चार मोजायच्या आत तुमची पुढची तार वाजते. म्हटलं, झाले की चार. म्हणाले, तीन झाले.
वय लहान आहे. शिकतील मोजायला.

१० जून
सरांनी मोबाइलवर मेट्रोनोम घालून दिला. मिनिटाला साठ वेळा टक टक करतो. त्याच्याबरोबर वाजवायचं. सदोष आहे. सुरुवातीला बरोबर असतो, मग मागे पडतो. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा मागे पडला. सरांना दाखवायला हवं.

१२ जून
एकदम अकरा पँटी आल्या, झिपा बदलायला. सराव नाही. उद्या दीड तास.

१३ जून
झिपाच. उद्या सव्वादोन तास.

१४ जून
क्लासला सरांना मेट्रोनोम दाखवला. त्यांनी तो लावून स्वतः वाजवलं. त्यांच्याबरोबर नीट चालला. मोबाइलचीही माणसं ठरलेली असतात.
बोटांची टोकं सोलली आहेत. पुस्तकात अशा वेळी विश्रांती घ्यावी असं लिहिलंय. नेमकं तसं लिहिलेलं नाही, पण अर्थ तसाच निघतो.

२१ जून
सर म्हणाले, पायाने ठेका धरा. म्हटलं, सर, पायाचं मला सांगू नका, तीस वर्षं पायडल मारतेय. ठेका धरला. ते म्हणाले, काकू, पाय पळतोय. मग म्हणाले, आता रेंगाळतोय. मी त्यांना समजावलं, की सरळ शिलाईला पाय पळतो आणि कॉलरच्या वळणावर आपसूक हळू होतो. ते म्हणाले, इथे रस्ता सरळ असो की वळणाचा, पाय तोच. म्हटलं, मग तुमच्या कॉलरी बिघडतील.
सर हसत नाहीत सहसा. आज थोडे हसले.

५ जुलै
रेस्टचा धडा. चार मोजेपर्यंत काहीही वाजवायचं नाही. सोपं वाटलं होतं. पण दोन मोजले की माझा हात तारेवर जातोच. आठ वेळा गेला. सर म्हणाले, काकू, रिकामी जागासुद्धा वाजवायचीच असते, फक्त आवाज न करता. मी म्हटलं, घरी रिकामी जागा भरपूर आहे, तिथला सराव धरता का?
गंमत म्हणून म्हटलं. सर काही बोलले नाहीत. मीही नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, बघा, आत्ता तुम्ही चारच्याही पुढे थांबलात.
प्रगती आहे.

९ जुलै
जिन्यात खालची शेजारीण भेटली. विचारत होती, घरात काही ठोकाठोकीचं काम काढलंय का? म्हटलं, गिटार आहे. म्हणाली, अगं बाई, हो का! मग म्हणाली, ते वाजवायचे ते फार गोड वाटायचं हो, मी खिडकी उघडी ठेवायचे.
मला हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांनाही सांगितलं नसेल.
आज सराव केला नाही. तिच्या खिडकीचा विचार करून नव्हे. डोकं दुखत होतं.

१९ जुलै
चाल बसली! म्हणजे सुरुवातीची ओळ बसली, पण पुढे तीच फिरून फिरून येते, म्हणजे बसल्यातच जमा. मी ती रोज ऐकते. अभ्यास म्हणून. दिवसातून आठ-दहा वेळा, फक्त अभ्यास म्हणून.
एक मिनिट वीस सेकंदांवर एक जागा आहे. तिथे हे मध्येच थांबतात. मोजून सात मात्रा. रस्त्यावरची कसलीशी खरखर येते, आणि मग पुन्हा पहिल्यासारखे सुरू. काय ती जागा! सात मोजेपर्यंत जीव टांगणीला लागतो. सरांना वाजवून दाखवली. ते म्हणाले, काकू, सात कसे असतील? सगळी चाल चारची आहे, तिथे ती मोडतेय. म्हटलं, मोडत नाही, ती त्यांची खुबी आहे. ते म्हणाले, रेकॉर्डिंग आणा, ऐकून सांगतो. म्हटलं, नको, तो मोबाइल मी घराबाहेर नेत नाही, बॅटरीचा भरवसा नाही.
सर चांगले आहेत, पण पुस्तकी आहेत. कलाकार माणसाचं त्यांना काय कळणार?

२ ऑगस्ट
आज ह्यांच्याबरोबर वाजवलं. एक मिनिट वीसपर्यंत दोघं बरोबर. मग थांबलो. मी सात मोजले. दोघं पुन्हा बरोबर सुरू झालो! पुढे माझी बोटं अडकली, ते सोडा. पण त्या सात मात्रा आम्ही दोघं एका खोलीत गप्प बसलो होतो.
लेकीला फोन केला. १४ सप्टेंबरला येते म्हणाली. म्हटलं, ये, पण माझं वाजवून होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. ती म्हणाली, हे तू सांगतेस?
काय म्हणायचं होतं तिला, कोण जाणे.

१६ ऑगस्ट
सरांनी फारच गळ घातली म्हणून मोबाइल नेला. माझीच बाजू बरोबर ठरेल याची खात्री होती. सरांनी कानाला हेडफोन लावले. एक मिनिट वीसला त्यांचा चेहरा बदलला. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, काकू, तुम्ही हेडफोन लावून ऐकलंय का हे कधी?
कानाला टोचतात म्हणून नव्हतं ऐकलं.
ऐकलं. आज क्लास लवकर सुटला.

१७ ऑगस्ट
ती खरखर रस्त्यावरची नाही. माझी आहे.
स्वयंपाकघराचं दार बंद आहे, आणि दाराआडून मी विचारतेय, चहा ठेवू का? तार थांबते. मी पुन्हा ओरडते, अहो, ऐकू येतंय का, चहा ठेवू का?  आणि हे म्हणतात, ठेव.
मग पुन्हा पहिल्यासारखा सूर लावून सुरू.
खुबी-बिबी काही नाही. दोन महिने मी स्वतःचीच लुडबुड पाठ करत होते.

१८ ऑगस्ट
त्यांचा आवाज आहे त्यात. हे लिहून ठेवते, कारण काल ते लिहायचं राहिलं. आमच्या घरात व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण सगळे ह्यांनीच काढलेले, त्यामुळे बोलतो ते आम्हीच. ह्यांचा आवाज कुठेही नाही असं मी धरून चालले होते. इतके दिवस तो माझ्याजवळ होता. एक शब्द आहे.
वैतागून म्हटलेलं नाही. मी चाळीसेक वेळा ऐकलं. अजिबात वैताग नाही.

२० ऑगस्ट
थोडा आहे.

२१ ऑगस्ट
कुणालाही असेल. रंगात आलेल्या माणसाला चहाचं विचारलं तर थोडा असणारच. आणि मी रोज विचारायचे. उत्तर ठरलेलं होतं, तरी विचारायचे. न विचारता ठेवला असता तर चाललं नसतं का? पण मग मी त्यांच्याशी बोलायचं तरी कशाला? ते आत, मी बाहेर. तेवढं एकच तर निमित्त होतं.
सराव नाही. एका बाईचा कोट आलाय, अस्तर उसवलेलं आहे.

३० ऑगस्ट
सरांकडे गेले. त्यांनी फार जपून विषय काढला. म्हणाले, काकू, मी कॉम्प्युटरवर तो भाग कापून देतो. चार मात्रांत चाल जुळेल. १४ तारखेला तुम्हाला मेट्रोनोमसारखं सरळ वाजवता येईल. मी म्हटलं, माझा आवाज कापा, त्यांचा ठेवा. ते म्हणाले, तसं नाही होत काकू, दोन्ही त्या एकाच फटीत आहेत. एक काढला की दुसरा जातो.
म्हटलं, मग राहू द्या. मी सातच मोजेन.
सर म्हणाले, ते तालात चूक आहे. मी म्हटलं, माहीत आहे. मग त्यांनी मेट्रोनोम बंद केला आणि माझ्यासोबत सात मोजले. तीन वेळा. एकदाही हसले नाहीत. पुस्तकी नाहीत तेवढे.

६ सप्टेंबर
निश्चय: आठ दिवस कोणतंही शिलाईचं काम घ्यायचं नाही. रोज तीन तास. खालच्या शेजारणीला सांगितलं, की खिडकी बंद ठेवली तरी राग नाही. ती म्हणाली, उघडीच आहे हो.

१० सप्टेंबर
पूर्ण वाजलं. ह्यांच्याबरोबर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधल्या सात मात्रांसकट. दोन मिनिटं चौदा सेकंद. पुन्हा वाजवलं, पुन्हा वाजलं. एकदा तर सात मोजताना हात तारेवर गेलाही नाही. मी घाई करते हे आता कुणी म्हणून दाखवावं.
१४ ची मला काडीचीही चिंता नाही.

१३ सप्टेंबर
लेक आली. माझ्या डाव्या हाताची बोटं धरून बघत बसली. टोकांना घट्टे पडलेत. म्हणाली, बाबांची अशीच होती. म्हटलं, सुईनेही पडतात. म्हणाली, सुईचे या हाताला नसतात, आई.
उद्या चार वाजता. तिला सगळं बजावून ठेवलं. तू स्वयंपाकघरात बस, दार लावून घे, दोन मिनिटं चौदा सेकंद. शहाणी आहे, बसेल.

१४ सप्टेंबर
चार वाजता आतल्या खोलीत बसले. त्यांच्याच स्टुलावर. मोबाइल लावला. पहिली ओळ बरोबर आली. दुसरी त्याहून चांगली. पाय एकसारखा पडत होता, कॉलर नाही, वळण नाही. मला वाटलं, आज होतंय.
चाळीसाव्या सेकंदाला दाराआडून लेकीने विचारलं, आई, चहा ठेवू का?
तिला दोष नाही. विसरली. या घरात गिटार वाजली की हे कुणीतरी विचारतंच, ती लहानपणापासून ऐकत आलीय. मी न बोलता पुढे जायला हवं होतं. पुस्तकातही तेच आहे, काही झालं तरी ठेका सोडायचा नाही. पण माझी तार थांबली, आणि मी म्हणाले, ठेव.
आवाजात थोडा वैताग होता. राग नव्हता. आता मला नक्की माहीत आहे की तो राग नसतो.
तेवढ्यात चाल पुढे निघून गेली. हे तर प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावून सुरू करायचे. मला ते जमलं नाही. कुठून शिरायचं तेच कळेना. हात तारांवर ठेवून नुसती बसून राहिले. मग एक मिनिट वीस सेकंद झाले. मोबाइलमधून मी विचारलं. दोनदा विचारलं. आणि हे म्हणाले, ठेव.
मी चाळीस सेकंद आधीच म्हणून बसले होते.
सरांचं बरोबर आहे. मी घाई करते.