तीनशे चौदा सभासदांचा पहारेकरी

३ मार्च, सकाळी ७.१०
आमच्या कुंडीप्रेमींच्या ई-मेल यादीवर वजन घटवायच्या गोळ्यांची जाहिरात! तीनशे चौदा सभासद, आणि अकरा वर्षांपूर्वी मी एकट्याने उभी केलेली यादी. (माझा मित्र डेंटिस्ट म्हणतो, दोघांनी. त्याने फक्त नाव सुचवलं. आणि पहिले दोनशे सभासद आणले.) आता बस्स. 'औषध' किंवा 'फुकट' हे शब्द असलेली मेल आपोआप अडणार.

४ मार्च
एका दिवसात एकसष्ट मेल अडल्या. केवढी घाण साचली होती! बायकोने विचारलं, त्यात जाहिराती किती. दोन. बाकीच्या कुठल्या किडीला कुठलं औषध मारायचं आणि कुणाकडे कलमं फुकट मिळतील, याबद्दल. नियम म्हणजे नियम. ही स्वतः सभासद आहे, तिला तरी कळायला हवं.

६ मार्च
अटॅचमेंट बंद. व्हायरस तिथूनच शिरतात. गुलाबवाल्या बाईंचा फोन. पानांवर काळे डाग पडलेत, फोटोशिवाय दाखवू कसे? शब्दांत वर्णन करा म्हटलं. बिचारीने दीड पान लिहिलं. त्यात 'औषध' तीनदा. अडली.

९ मार्च
डेंटिस्ट घरी. (ही त्याला 'डॉक्टर' म्हणते.) चहा गार झाला तरी बोलतोच आहे. म्हणे, यादी चालवतोयस की तुरुंग? मी म्हटलं, लोकांची तोंडं उघडी ठेवणं तुझा धंदा, बंद ठेवणं माझा. मीच हसलो. नंतर तो आणि ही बाल्कनीत बराच वेळ कुजबुजत होते. झाडांवर मावा पडलाय, त्याबद्दल असणार.

११ मार्च
नियमावली तयार. सतरा पानं. अटॅचमेंट म्हणूनच पाठवावी लागेल. बंदी अर्थातच मला लागू नाही. कुणीतरी विश्वासू हवंच ना. पाठवण्याआधी कॉम्प्युटर स्वच्छ असावा म्हणून व्हायरस मारायचा एक प्रोग्रॅम उतरवून घेतला. फुकट मिळाला.

१२ मार्च
केसाने गळा कापला! नियमावलीपाठोपाठ माझ्या नावाने प्रत्येक सभासदाला अठ्ठावीस मेल गेल्या. सगळ्या व्हायरससकट. गुलाबवाल्या बाईंचा कॉम्प्युटर बंद पडला. कुणीतरी आतलाच माणूस फितूर आहे. ही म्हणाली, अहो, तो कालचा प्रोग्रॅम तर नसेल? म्हणजे आता घरचेही उलटले.

१३ मार्च
डेंटिस्टला सह-मॉडरेटरपदावरून काढलं. सविस्तर पत्र लिहिलं, आरोप एक ते नऊ. त्याचं उत्तर: 'बरं.' अकरा वर्षांची मैत्री आणि नुसतं 'बरं'! खरं सांगायचं तर जेवण गेलं नाही. पण माघार नाही.

१५ मार्च
यादीच्या सॉफ्टवेअरकडून सारख्या सूचना येतायत. शेकड्यांनी. न वाचता कचऱ्यात टाकायची सोय केली.

१८ मार्च
फक्त चार मेल. शिस्त लागतेय.

२४ मार्च
शून्य! एकही आक्षेपार्ह मेल नाही. हिला सांगितलं. ती पोळपाट धुवत राहिली.

२७ मार्च
माझ्या लिंबाची पानं पिवळी पडतायत. यादीवर प्रश्न टाकला, मीच तपासला, मीच मंजूर केला. उत्तर नाही.

२९ मार्च, दुपारी
अजून उत्तर नाही म्हणून सभासदांची संख्या पाहिली. दोन. एक मी. दुसरा गोळ्यावाला, त्याला काढायचं राहून गेलं होतं.
गुलाबवाल्या बाईंना फोन लावला. आधी आढेवेढे. मग म्हणाल्या, नवी यादी निघून पंधरा दिवस झाले, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. तीनशे बारा जण तिकडे गेले. तीनशे बारांपैकी एकालाही 'येतो' म्हणावंसं वाटलं नाही. खूप लागलं. कॉम्प्युटर बंद करून बसून राहिलो.

३० मार्च
मान खाली घालून नव्या यादीकडे अर्ज केला. उत्तर आलं, अर्ज मॉडरेटरकडे आहे. डेंटिस्टला फोन केला. आवाज नेहमीसारखाच. म्हणाला, मॉडरेटर मी नाही रे, वहिनी आहेत.
ही बाल्कनीत कुंडी उकरत होती. हात न थांबवता म्हणाली, तुमच्या अर्जावर मतं घेतली. विरोधात तीनशे अकरा, बाजूने एक.
मी म्हटलं, निदान तू तरी माझ्या बाजूने उभी राहिलीस.
ती म्हणाली, ते मत डॉक्टरांचं.