सोन्याचा डूल, सफोकचा कोपरा

वेनफर्ड, नॉर्फोक
९ सप्टेंबर २००६

चि. क्लेमंट यास,

हेस्टरताईचे अ. उ. आ. ऑड्रीलाही माझा नमस्कार सांग. तुझ्या गुडघ्याची चौकशी शेवटी करीन, आधी खुर्चीत नीट बसून घे.

तुला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि बाकीचं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहायला बसले. मला सोनं सापडलं. खरं सोनं. माझ्या मेटल डिटेक्टरला तू म्हातारीची भंगारगाडी म्हणतोस ना, त्याच भंगारगाडीनं दाखवलं. डॉक्टरांनी मला चाला म्हणून सांगितलं आणि काम नसताना उगाच चालणं मला जन्मात जमलं नाही, म्हणून हे यंत्र घेतलं हे तुला ठाऊक आहेच. आजवर बटणं, ट्रॅक्टरचे नट आणि डब्यांची झाकणं, एवढीच माझी कमाई होती.

बर्नी थर्टलनं गहू कापला आणि पुढची पेरणी व्हायच्या आत शेत फिरून घे म्हणाला. गुरुवारी मी नदीकाठच्या खालच्या शेतात गेले, विलोची झाडं आहेत ना, तिथं. यंत्र बारीक आवाजात कुरकुरलं. मला वाटलं, आणखी एक झाकण. खुरप्यानं ढेकूळ उचललं तर त्यात पिवळं काहीतरी चमकलं. क्लेमंट, तो कानातला डूल आहे. तारेची नाजूक कडी, तिच्यात हिरवा मणी आणि खाली पिवळ्या पडलेल्या दातासारखा एक मोती. मी थुंकी लावून पुसला. संध्याकाळी दाखवला तर, तसं करायचं नसतं म्हणून आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातला डगी माझ्यावर ओरडला आणि मग तोच मटकन खाली बसला. तो तीस वर्षं शेतं तुडवतोय, त्याला सोनं कधी दिसलेलं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. रोमन आहे म्हणाला.

कायद्यानं कळवावं लागतं, तसं कळवलं आहे. जुन्या वस्तूंची नोंद करणारी इमोजेन फेअरली नावाची बाई पुढच्या आठवड्यानंतर येऊन जागा पाहणार आहे. तोवर डूल माझ्या ओटच्या डब्यात आहे.

डोरोथिया पार्जेटर तुला आठवते ना, शाळेत माझ्या बाकावर बसायची ती? वाचनालयाच्या वरचं आपलं म्युझियम ती इतकी वर्षं बिनपगारी सांभाळते आहे. येत्या वसंतात ते बंद करायचं असं वरच्या लोकांनी ठरवत आणलंय. बातमी ऐकून तिनं मला रस्त्यात मिठी मारली आणि त्याच संध्याकाळी मधल्या काचेच्या कपाटातून पेंढा भरलेलं पाणमांजर बाहेर काढलं. आता बघू कोण बंद करतं ते, म्हणाली. मला फार अभिमान वाटतोय रे. या वयात असं काही वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

गुडघा कसा आहे? रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझी,
हेस्टरताई

---

ब्रॉकस्टन, सफोक
१३ सप्टेंबर

ती. हेस्टरताईस,

क्लेमंटचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, मग ऑड्रीला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग शेजारच्यांना. भंगारगाडी हा शब्द मी जाहीरपणे मागे घेतो. गुडघा ठणकतोय, पण तुझं पत्र हातात घेऊन मी पबपर्यंत गेलो आणि तिथं सांगितलं की माझी बहीण रोमन बायकांचे दागिने काढते. एकानं विचारलं, नॉर्फोकच्या बायका रोमन काळापासून अजून कानातलीच शोधतायत का. मी त्याला उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

इथं येऊन मला चाळीस वर्षं झाली, लग्नात सासऱ्यांनी गळ्यात निळा मफलर घातला आणि फुटबॉलला मी सफोकच्या निळ्यांच्या बाजूनं ओरडतो, याबद्दल तू मला आजतागायत माफ केलेलं नाहीस. पण या डुलापुरता मी तुम्हा नॉर्फोकवाल्यांसारखा पिवळाच आहे. वेनफर्डच्या कपाटात तो ठेवला की मी बसनं येईन आणि पाणमांजराच्या जागी काय बसलंय ते बघेन.

एक काळजी वाटते. डूल ओटच्या डब्यात आहे हे सकाळी लापशी करताना विसरू नकोस. दार लावून झोप. पार्जेटरबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांनी एकदा माझ्या डोक्यात पाटी घातली होती, ते मी विसरलोय असंही सांग.

असंच लिहीत जा, आमच्यावर माया असू दे.

तुझा,
क्लेमंट

---

वेनफर्ड
१७ सप्टेंबर

चि. क्लेमंट यास,

अ. उ. आ. हे पत्र ऑड्रीला दाखवू नकोस, पबमध्ये तर नकोच नको.

काल संध्याकाळी बर्नी आला. टोपी हातात फिरवत उभा राहिला, चहाला नाही म्हणाला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. आपली नदी पूर्वी विलोंना वळसा घालून जायची. पणजोबांच्या काळात लोकांनी सरळ कालवा खणला आणि नदी तिकडून वाहू लागली. नदी हलली पण जिल्ह्याची हद्द जुन्या पात्रातच राहिली. म्हणजे विलोंच्या पलीकडचा तो तुकडा आपल्या काठाला असून सफोकचा आहे. सगळा गाव त्याला नॉर्फोक समजतो, मीसुद्धा समजत होते. एकटा बर्नी जाणतो, कारण त्या तुकड्याचा कर तो तिकडे भरतो.

आणि डूल मला सापडला तो विलोंच्या पलीकडे. म्हणजे तो तुमच्या ब्रॉकस्टनच्या म्युझियमचा.

बर्नी म्हणाला की हे त्याला आणि मला सोडून कुणाला माहीत नाही. विलोंच्या अलीकडे बोट दाखव, चार पावलांचा तर प्रश्न आहे. तो गेला आणि अर्ध्या तासात डोरोथिया आली, तिला त्यानंच सांगितलं असणार. ती रडली नाही, तिला रडता येत नाही. ती म्हणाली की म्युझियम बंद झालं तर आपल्या लोकांच्या वस्तू खोक्यात भरून कुठल्यातरी गोदामात जातील आणि ब्रॉकस्टनकडे असल्या वस्तू ढिगानं आहेत, त्यांना आणखी एकीनं काय फरक पडतो. माझ्याकडे तिनं आयुष्यात काही मागितलेलं नाही, हेही म्हणाली. ते खरं आहे. माझे यजमान गेले तेव्हा रोज संध्याकाळी सूप घेऊन तीच येत होती.

आमच्या क्लबात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. वस्तू कुणाच्याही हाती लागते, पण ती कुठं लागली हे फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि ते खोटं सांगितलं की वस्तूचं नुसतं सोनं उरतं. डगी तर हे दारू प्यायल्यावरही सांगतो. दोन वर्षं मी मान डोलावत आले, कारण झाकणांच्या बाबतीत खरं बोलणं सोपं असतं.

बुधवारी इमोजेनबाई येते. मी काय करू, सांग. तू धाकटा असलास तरी कधीकधी तुझं डोकं चालतं.

माया आहेच, ती तशीच राहू दे.

हेस्टरताई

---

ब्रॉकस्टन
१९ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. बुधवारच्या आत पोचावं म्हणून पत्र टपालाच्या गाडीवाल्याच्या हातात दिलं आहे.

मी सांगणार नाही. मी सफोकात राहतो, इथलं खातो, इथल्या म्युझियमच्या दारावरून रोज जातो. मी खरं सांग म्हटलं तर माझ्या गावाचं भलं बघितलं असं होईल आणि खोटं सांग म्हटलं तर तुला उद्या माझं तोंड बघवणार नाही. तेव्हा या बाबतीत मी तुझा कुणी नाही असं समज.

एवढंच लिहितो की तू काहीही केलंस तरी मी तुला एका शब्दानं विचारणार नाही, चिडवणारही नाही. चिडवणार नाही हे वचन मला किती महागात पडणार आहे ते तुला कळेल. ऑड्रीला अजून सांगितलेलं नाही. ती माझ्याकडे संशयानं बघते आहे, मी बाहेरख्याली झालो असं तिला वाटतंय की काय कोण जाणे.

बुधवारी गरम कपडे घालून जा. तुझा लोभ माझ्यावर कमी होऊ देऊ नकोस.

क्लेमंट

---

वेनफर्ड
८ ऑक्टोबर

चि. क्लेमंट,

अ. उ. आ. उत्तराला उशीर झाला. वेळच मिळाला नाही.

वस्तू सापडली की मी त्या जागी हेझलची काठी रोवून ठेवते. त्या बुधवारी शेतावर गेलो तर काठी विलोंच्या अलीकडे उभी. बर्नीनं उपटून तिकडे रोवली होती, माझ्यासाठी. इमोजेनबाईनं नकाशा उघडला आणि मला विचारलं की हीच ना जागा. मला तोंड उघडायचीही गरज नव्हती, नुसतं उभं राहिलं तरी पुरलं असतं. बर्नी बुटांकडे बघत होता. डगी मागे होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. डोरोथिया पिवळा मफलर गुंडाळून आली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती.

मी चालायला लागले. काठीवरून पुढे गेले, विलोंच्या मधून पलीकडे गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडाच्या मधून चर्चचा मनोरा दिसायला हवा आणि डाव्या हाताला बर्नीचा पंप, अशी खूण मी त्या दिवशी मनात धरली होती. तिथं उभी राहिले आणि म्हणाले की इथं. काठी सरकली आहे, असंही म्हणाले. कुणी सरकवली ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मागे वळून बघितलं तेव्हा डोरोथिया फाटकापाशी पोचली होती. तिनं फाटक लावून घेतलं. एवढ्या रागातही लावलं, गुरं बाहेर पडू नयेत म्हणून.

मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

इमोजेनबाईनं सफोकच्या माणसांना बोलावलं. त्यांनी गेल्या आठवड्यात तिथं खणलं आणि नांगर पोचतो त्याच्या जरा खाली एक मडकं निघालं. त्याचा काठ नांगरानं उडवला होता, तेव्हाच तो एक डूल वर फेकला गेला असणार. आत दुसरा डूल होता. सोन्याची साखळी होती, हिरवे मणी ओवलेली. सापाच्या तोंडाच्या दोन बांगड्या होत्या आणि एक अंगठी इतकी लहान, की ती पोरीचीच असणार. मी तिथंच गुडघ्यांवर बसले आणि मला रडू आवरेना. कुणा बाईनं आपले आणि आपल्या लेकीचे दागिने एकत्र पुरले आणि त्या परत आल्याच नाहीत.

इमोजेनबाई मला नंतर म्हणाली, की काठीपाशी खणलं असतं तर नुसती माती लागली असती. मग बर्नीनं पेरणी केली असती आणि पुढच्या खेपेला नांगरानं ते मडकं फोडून सगळं पसरून टाकलं असतं. तिला काठीचं सगळं कळलंय असं मला वाटतं. बर्नीला मी हे सांगितलं, त्याचा चेहरा पांढरा पडला.

आता सगळं तुमच्याकडे जाईल. तू वचन दिलंयस ते लक्षात आहे. डोरोथिया माझ्याशी बोलत नाही, चर्चमध्ये बाक बदलून बसते.

तुझ्या पत्राची वाट बघते, तेवढाच आधार.

हेस्टरताई

---

ब्रॉकस्टन
१२ जून २००७

ती. हेस्टरताईस,

क्लेमंटचा सा. न. वि. वि.

सापडलेल्या सोन्याचा निवाडा करणाऱ्या कॉरोनरसमोर तू साक्ष दिलीस तो दिवस, मग इथल्या म्युझियममध्ये दागिने मांडले त्या उद्घाटनाला तू निळ्या झग्यात आलीस तो दिवस, हे सगळं तुला माहीत आहे. मी आता तुला माहीत नसलेलं लिहितो. तुमचं म्युझियम मार्चात बंद झालं, डोरोथियाबाई उद्घाटनाला आल्या नाहीत आणि त्यांनी अजून तुझ्याशी अबोला धरलाय, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. त्या पत्रात तुझं अक्षर पार उतरलं होतं, म्हणून हे लगेच लिहितोय.

मी आठवड्यातून दोनदा दागिने बघायला जातो. तिथला पहारेकरी मला ओळखतो, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला हे माझ्या बहिणीनं काढलं असं सांगतो म्हणून त्यानं मला दोनदा दटावलं आहे. काल गेलो तर माझ्या जागेवर कुणीतरी आधीच उभं. उन्हाळ्यात पिवळा मफलर. मी खांबामागे थांबलो. माझे कान तुला माहीत आहेत, पण बाईंचा आवाजही तुला माहीत आहे.

एका शाळेची मुलं आली होती, त्यांना त्या सांगत होत्या. डूल, साखळी, बांगड्या हे सगळं त्यांच्या मास्तरीणबाईनं आधीच सांगितलेलं होतं. डोरोथियाबाईंनी त्यांना सांगितलं, की हे जिला सापडलं ती वेनफर्डची आहे, नॉर्फोकची, आणि ती त्यांची मैत्रीण आहे. ती चार पावलं अलीकडे थांबली असती तर हे आमच्याकडे असतं आणि आमचं म्युझियम आज उघडं असतं. तिला तिच्या सगळ्यात जवळच्या माणसानं थांब म्हणून विनवलं होतं, पण ती थांबली नाही. एका मुलीनं विचारलं, की मग ते माणूस चिडलं असेल ना. त्या म्हणाल्या, की चिडलं, अजूनही जरा चिडलेलं आहे, पण असली बाई त्यांनी वेनफर्डमध्ये दुसरी बघितलेली नाही आणि ब्रॉकस्टनमध्ये तर नाहीच नाही.

मग त्यांनी मला पाहिलं. ताई, मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि आम्ही दोघं काचेत बघत राहिलो. नंतर त्यांनी मला विचारलं की हेस्टर गुरुवारी घरी असते का. मी म्हटलं, असते. तर परवा गुरुवार आहे, घरीच राहा. सूप आणलं तर नको म्हणू नकोस.

ऑड्रीचा नमस्कार. आम्हा सगळ्यांवर, आणि आता डोरोथियाबाईंवरही, तुझी माया राहू दे.

तुझा अभिमानी भाऊ,
क्लेमंट