बोरखळी खुर्दचं परराष्ट्र धोरण

६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कारखान्याच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं दुसऱ्यांच्या वेळा लिहिल्या, आता स्वतःच्या लिहायच्या. निमित्त गंभीर आहे.

आज बुद्रुकच्या आठवडी बाजारात मिश्रीलाल शेठने गिरिजाला तीन हात सरकून बसायला सांगितलं. टेम्पो लावायला जागा पाहिजे म्हणे. बावीस वर्षं आमची मंडळी शेठच्या दुकानासमोर, पत्र्याच्या सावलीत भाजी विकते. तिची तागडीसुद्धा आठवडाभर त्यांच्याच दुकानात असते. आणि आज म्हणे, सरका!

गिरिजाला यात काही वाटलं नाही. म्हणाली, तीन हात सरकल्यानं मी काय परदेशात गेले का? तिला सीमाप्रश्न कळत नाही. पेपरात रोज वाचतो, छोट्या देशाने मान खाली घातली की बडा देश खांद्यावर बसतो. ते बोरखळी बुद्रुक, आपण बोरखळी खुर्द. ते तेल, साखर, खत, मोबाइल विकणार आणि आपण मेथी. पण स्टँड घ्यावाच लागतो.

७ नोव्हेंबर.
पहाटे निषेधपत्र लिहिलं. दोन पानं. भाषा संयमी, पण धार आहे.

दहा वाजता बुद्रुकला जाऊन तागडी परत आणली. डिप्लोमसीत याला राजदूत माघारी बोलावणे म्हणतात. शेठ म्हणाले, तातेरावजी, तागडी बिघडली का? दुरुस्तीला इथंच टाका, जल्दी होईल. त्यांच्या धापूबाईंनी चहा दिला. घेतला. चहा घेणे म्हणजे माघार नव्हे. पत्र मात्र खिशातच राहिलं. वातावरण अनुकूल नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार.
निर्णय झाला. बुद्रुकवर बॉयकॉट. खुर्दचा स्वतंत्र बाजार, मारुतीच्या पारासमोर, दर गुरुवारी. मंठ्याहून फ्लेक्स करून आणला: ‘भव्य शुभारंभ’.

गिरिजा म्हणाली, गुडघा तसाबी दुखून राह्यला, बघा तुमचे दोन गुरुवार. याला मी एकमुखी पाठिंबा समजतो.

जीपवाल्या देवानंदने मात्र घाबरवण्याचा प्रयत्न केला. म्हणे, तात्या, तिथं तीन बाजार जागा रिकामी राह्यली की सुटती. मंग कोणीबी बसतं. हा नियम कुठे लिहिलाय, असं मी विचारलं. तो म्हणाला, लिहिलेला न्हाई, पण बराबर चालतो. अलिखित नियमांना मी भीक घालत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ३.
बाजार भरला. दुकानं दोन. एक गिरिजाचं. दुसरं कंगवे-आरसेवाल्याचं, तो बुद्रुकला निघाला होता, पण त्याची सायकल पंक्चर झाली. दहाच्या सुमाराला सगळं खुर्द देवानंदच्या जीपमध्ये बसून बुद्रुकला गेलं. काही जण टपावर. जाताना मला हात केला. हा जनतेचा पाठिंबाच.
गिऱ्हाईक एक. तो मीच. हवा तयार करायला एक जुडी घेतली.

१४ नोव्हेंबर.
मेथीची भाजी.

१५ नोव्हेंबर.
मेथीचा घोळाणा. संध्याकाळी मेथीचे धपाटे. स्वावलंबनाला थोडा कडवटपणा असायचाच.

१८ नोव्हेंबर.
देवानंदने बुद्रुकहून डबा आणला. धापूबाईंनी गिरिजाला डिंकाचे लाडू पाठवले आहेत. शेठ विचारत होते म्हणे, बाई बाजारात आल्या न्हाईत, गुडघा जास्तीच धरला का?
म्हणजे आमचा बॉयकॉट त्यांना गुडघेदुखी वाटला! बड्या राष्ट्रांची ही जुनी चाल आहे, विरोध दिसलाच नाही असं दाखवायचं. लाडू परत पाठवणार होतो. गिरिजाने डबा कपाटात ठेवला. मी दोन खाल्ले, चाल समजून घेण्यासाठी.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
दुसरा बाजार. कंगवेवाला आला नाही. त्याची सायकल दुरुस्त झाली असावी.
गिरिजा तासभर बसली, मग उरलेली मेथी शेजारच्या गाईला घातली. संध्याकाळी म्हणाली, मला करमून न्हाई राह्यलं. तिथं बायका भेटतात, धापूबाईची चार सुखदुःखं ऐकते, माझी चार सांगते. इथं मारुती आणि तुम्ही. दोघंबी बोलत न्हाई कामाचं.
रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो. झोपही नीट लागली नाही.

२६ नोव्हेंबर.
दोन गुरुवार झाले, उद्या मी जाणार, असं गिरिजा म्हणाली. तिला एक आठवडा थांबवलं. समोरचा पक्ष उद्या चर्चेला येणार असा माझा पक्का अंदाज आहे. आता ढिलं पडलो तर सगळं मुसळ केरात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.
आठ ते पाच पारावर बसलो. एक मोटारसायकलवाला थांबला. आशेने उठलो. त्याला बुद्रुकचा रस्ता पाहिजे होता. सांगितला.
पाठ धरली आहे. फ्लेक्स वाऱ्याने फाटला. फार थकवा आला. धोरण बरोबर आहे, माणूस थकतो.

४ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी ८.
गिरिजा पाचला उठली, जुड्या बांधल्या, तागडी घेतली आणि जीपमध्ये बसून गेली. मला विचारलं नाही. दुपारी मी निरीक्षक म्हणून मागे गेलो.

शेठच्या दुकानासमोर, पत्र्याखाली, कुणा वसंता केळीवाल्याची केळी. मागच्या गुरुवारपासून तो बसतोय. तीन हात बाजूला टेम्पो, त्याच्यापुढे कांदेवाला. शेठने मला पाहून हात जोडले. म्हणाले, दोन बाजार मी कोणाला बसू दिलं न्हाई, तातेरावजी. तिसऱ्याला सगळे बोलायला लागले. तुम्ही एक शब्द तर टाकायचा होता. यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

गिरिजा बाजाराच्या पार टोकाला, नालीच्या काठावर, उन्हात. मेथी मान टाकून पडली होती. मला पाहून तिने जुड्यांवर पाणी शिंपडलं. भांडली असती तर मी वाद घातला असता. बावीस वर्षांची सावली मी तीन गुरुवारांत घालवली. चूक माझी आहे. तिला तोंडाने म्हणता आलं नाही, इथे लिहितो.

समोरच्या दुकानातून छत्री मागून आणली आणि तिच्यावर धरून उभा राहिलो. ती म्हणाली, माझ्यावर न्हाई, मेथीवर धरा. मेथीवर धरली. दोनपासून बाजार उठेपर्यंत. हात अजून दुखतोय.

चारच्या सुमाराला एका अनोळखी गिऱ्हाईक बाईने जुडी निवडता निवडता विचारलं, हे कोण हो? गिरिजाने मान वर केली नाही. म्हणाली, छत्री धरायला माणूस लावलाय.
मी खंडन केलं नाही.