ती मौनफेरी माझी होती, बाई

प्रिय बाई,

सकाळची शाळा साडेदहाला सुटली. गावातली पोरं घरी गेली आणि मी पहिलीच्या वर्गातल्या सतरंजीवर बसून हे लिहिते आहे. तुमची खुर्ची समोरच आहे. तुमच्यानंतर शाळेचा प्रभार माझ्याकडे आला, पण त्या खुर्चीवर बसायची हिंमत अजून झालेली नाही. उद्या पालकसभा आहे. तिथे काय बोलायचं, हे तुमच्याशिवाय मी कुणाला विचारू? तुम्ही हे वाचणार नाही, एवढं कळतं मला. तरी लिहिते, कारण आता डोकं चालत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गेलात. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. "रिटायर झाली का मस्त झोपा काढतो, पोट्टी," म्हणायच्या. एवढी कसली घाई होती हो?

तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "पोट्टे काय करून राह्यले?" म्हणून आधी चांगलं सांगते. जानेवारीत आनंद बाजार भरवला. बोरं, कवठं, ओला हरभरा, सगळं पोरांनी आणलं. टोल्यावरच्या वस्तीतल्या रोशनी मडावीनं लाखोळीच्या डाळीचे वडे मांडले होते आणि अर्धे करपलेले होते. "बाई, जळलेले गुरुजी लोकाइले देऊ का?" असं तिनं पाहुण्यांसमोरच विचारलं! माता-पालक मेळाव्यात तिनं अख्खी गोष्ट न अडखळता वाचली. तिची आई कमलाबाई तोंडात पदर धरून ऐकत होती. तुम्ही पहिलीत घेतलेली ती मुलगी, जिला शाळेत आल्यावर महिनाभर गोंडीशिवाय शब्द फुटत नव्हता. तेव्हा तुमची फार आठवण आली.

आता पुढचं सांगते.

तुम्ही गावात किरायानं राहायच्या. रोज सकाळी टोल्यावर चालत जायच्या आणि तिथली अकरा पोरं रांगेनं घेऊन यायच्या. मोठी पुढे, मोठी मागे, लहान मधे. जंगलातून दीड मैलाचा रस्ता आणि सगळा रस्ताभर पाढे. बे एके बेपासून तीसपर्यंत, नरडं फाडून. पोरं दिसायच्या आधी पाढे ऐकू यायचे. मी चामोर्शीहून स्कूटीनं यायची आणि दारात उभी राहून हसायची. मनात म्हणायची, बाई जुन्या वळणाच्या, घोकंपट्टीशिवाय यांना दुसरं सुचत नाही.

एकदा मी म्हटलंही होतं, "बाई, पोरांचे घसे बसतात." तुम्ही काय म्हणालात? "बसू दे. पाढे तं पाठ होतेत." बस्स, एवढंच! खरं कारण का नाही सांगितलंत? तुमचा जन्म या झाडीत गेला, तुम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. पण मी वरोऱ्याकडची. कापूस-सोयाबीनच्या उघड्या रानातली. मला जंगलातलं काय कळणार, एवढं तरी तुमच्या ध्यानात यायला हवं होतं. रागावू नका. पण हा राग मला तुमच्यावर काढू द्या, माझ्यावर काढून काढून तो संपतच नाही.

तुम्ही गेल्यावरही पोरं तशीच पाढे म्हणत आपापली येत होती. फेब्रुवारीत आमचं प्रशिक्षण झालं. तिथून मी एक कल्पना घेऊन आले. तिचं नाव ठेवलं मौनफेरी. टोल्यावरून येताना कुणी बोलायचं नाही. पाय हळू टाकायचे, कान उघडे ठेवायचे, आणि जे ऐकू येईल ते शाळेत आल्यावर वहीत काढायचं. पहिले तीन दिवस मी सोबत चालले. काय सुंदर चित्रं काढली पोरांनी! सुतारपक्ष्याची टकटक रोशनीनं नुसत्या ठिपक्यांनी काढली. सागाचं वाळकं पान पडतानाचा आवाज तिनं एका लांब वाकड्या रेघेनं काढला. मी फोटो टाकले. केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर "नावीन्यपूर्ण उपक्रम" म्हणून शाबासकी दिली. मी हवेत गेले, बाई. पोरांना म्हटलं, आता रोज असंच या. रोशनी चौथीतली, समजूतदार, म्हणून तिला पुढे ठेवलं आणि चौथ्या दिवसापासून मी आपली स्कूटीनं सरळ शाळेत.

एक दिवस कमलाबाई शाळेच्या फाटकापाशी आली. म्हणाली, "बाई, पोट्टे मुके झाले का जी? रस्त्यानं आवाजच येत नाई."

मी हसून म्हटलं, "आता ते जंगल ऐकायला शिकताहेत."

ती म्हणाली, "बरं. तुमाले समजते, बाई."

तिला समजत होतं, बाई! मला नव्हतं. आणि मी शिकलेली म्हणून ती गप्प बसली.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. पोरं उजाडता उजाडता निघू लागली. त्याच दिवसांत मोह गळायला लागला. पहाटे मोहाखाली अस्वलं येतात, फुलं खातात, उन्हं वर येईस्तोवर रेंगाळतात, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. माणसाचा आवाज आला की ती आपण होऊन बाजूला होतात, हेही ठाऊक आहे. मला कुणी शिकवलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.

त्या सकाळी वळणावर अस्वल होतं, सोबत पिल्लू. पोरं दहा पावलांवर येईपर्यंत त्याला चाहूल लागली नाही. इतकी छान, शिस्तीत, मुकाट चालली होती माझी पोरं. अस्वल दचकलं आणि जी पुढे होती तिच्यावर आलं. बाकीची टोल्याकडे पळाली. मोह वेचणारी माणसं काठ्या घेऊन धावली म्हणून रोशनी वाचली. गडचिरोलीच्या दवाखान्यात ती बारा दिवस होती. डोक्याला टाके आहेत. उजव्या हाताची दोन बोटं हलत नाहीत. तोच तिचा चित्र काढायचा हात.

चौकशीला माणसं आली तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पोट्टे मोहा वेचत थांबले असतील." तसंच लिहिलं गेलं. मी तिथेच उभी होते, बाई. लिहिणाऱ्यापासून हातभर अंतरावर. आणि मी ते लिहू दिलं.

तेव्हापासून टोल्यावरचं एकही पोर शाळेत आलं नाही. अकराच्या अकरा घरी. टोल्यावर ठरलं आहे, पोरं रस्त्यात मोहाखाली थांबतात, ऐकत नाहीत, तर शाळाच नको. आणि सगळा दोष कुणावर? पुढे कोण होतं? रोशनी. तिनंच थांबवलं असेल लहान्यांना, असं सगळे म्हणतात. तिची आईसुद्धा.

काल मी धीर करून तिच्या घरी गेले. ती अंगणात खाटेवर होती. केस काढलेले, मान एका बाजूला. कमलाबाईनं माझ्यासाठी काळा चहा ठेवला आणि माझ्यासमोरच लेकीला म्हणाली, "इले कितीदा सांगतलं बाई, मोहाखाली थांबू नोको. आयकते का पोट्टी?"

कमलाबाई चुलीकडे गेली तशी रोशनीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. हळूच म्हणाली, "बाई, म्या एकबी आवाज नाई केला. अस्वल आंगावर आलं तवाबी नाई. गोटू रडला, पर त्याले मारू नोका. लहान हाये तो."

मी विचारलं, "आईला का नाही सांगितलंस, की तुम्ही मोह वेचत नव्हता?"

"मले कोणं इचारलंच नाई."

बाई, ती मला नेम पाळल्याचं सांगत होती! शाबासकी मागत होती ती माझ्याकडे! आणि मी काय केलं? चहा प्यायले. कमलाबाईला "बरी होईल" म्हटलं आणि निघाले. टोल्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत स्कूटीचा हॉर्न दाबून धरला. स्वतःचा जीव असा प्यारा मला. डांबरीवर आले आणि गाडी लावून रडले.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "कागद लिहून झाला आहे. उगाच कशाला अंगावर घेतेस? नोकरी जाईल." खरं आहे. नोकरी जाईल, नाहीतर कुठेतरी लांब टाकतील. टोल्यावरची माणसं मला दारात उभं करणार नाहीत. कमलाबाईचं तोंड कसं होईल, ते तर मला डोळ्यांसमोरसुद्धा आणवत नाही. मी काय करू, बाई? तुम्ही असता तर काय केलं असतं? सांगा ना! एवढ्या पोरांना बोलतं केलंत, आता मलाच उत्तर द्यायला तुम्ही नाही. तुमचा टेबल, तुमचा खडूचा डबा, सगळं इथी आहे आणि तुम्ही कुठी जाऊन बसलात?

बघा, रडता रडता तुमच्यासारखी बोलायला लागले.

तुम्ही उत्तर देणार नाही. आणि खरं सांगू? इतकं लिहिल्यावर मला विचारायचं काही उरलंही नाही.

उद्या सभा नऊला आहे. मी त्याआधी टोल्यावर जाईन. कमलाबाईला तिच्या अंगणात सांगेन की तुझ्या लेकीनं मोहाला हात लावला नव्हता, माझ्या सांगण्यावरून ती मुकी चालली होती. तिनं हात उचलला तर उचलू दे. मग सभेत सगळ्यांसमोर तेच सांगेन आणि तेच लिहून, खाली सही करून वर पाठवेन. पोरं परत येतील की मलाच हाकलतील, माहीत नाही. पण रोशनीच्या खाटेजवळ मी बसेन आणि तिला सांगेन, बाळा, त्या दिवशी तू ओरडायलाच हवं होतं. पुन्हा कधी भीती वाटली तर ओरड. कुणी गप्प बस म्हटलं तरी ओरड. मी म्हटलं तरी.

हा माझा तुम्हाला शब्द आहे.

जयभीम, बाई.

तुमची,
ज्योत्स्ना