काचेच्या माथ्यावरचं कुंकू

मास्तर, शीट फिल्म स्कॅनरवर सपाट धरायची चौकट मी घरी केली, काळ्या अ‍ॅक्रिलिकची, कडा कानसून. निगेटिव्ह बघायची उजेडाची पेटी केली, धूळ न शिरणारं सुकवणीचं कपाट केलं, परळच्या भंगारातून आणलेला स्कॅनर उघडून आतला आरसा पुसला आणि तो चालू केला. यातलं काहीही मला कोणी शिकवलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. हे आज लिहितोय कारण गेल्या आठवड्यात तुमच्या भाच्याचा फोन आला.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तो अजून मला तुमच्या गिरगावच्या स्टुडिओत फडकं मागायचा त्याच आवाजात हाक मारतो. "अरे, मामांच्या निगेटिव्ह खराब झाल्यात रे. सगळ्यांवर उभे चरे. एक जण म्हणतो, ठेवून काय करणार, टाकून दे. तू एकदा बघतोस?" तुमच्या निगेटिव्हवर चरे? तुम्ही फिल्म कडेनं, दोन बोटांत, श्वास रोखून उचलायचात. लालबागहून दादरला त्याच्या दुकानात मी चालत गेलो, रागातच.

त्यानं एक निगेटिव्ह स्कॅन करून दाखवली. स्क्रीनवर एक नवरी होती, नऊवारीतली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी, आणि कपाळापासून पायापर्यंत बारीक काळी रेघ. शेजारी आणखी दोन. निगेटिव्ह उजेडात तिरकी धरली तर स्वच्छ. तरी म्हटलं, "आता आडवी ठेव." चरा फिल्मवर असता तर चित्राबरोबर तोही आडवा झाला असता. नवरी आडवी झाली, रेघा मात्र जिथल्या तिथे, उभ्याच.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुझे मामा सुटले. मशीन बघ."

स्कॅनरच्या काचेच्या माथ्याशी एक अरुंद पट्टी असते. दर वेळी स्कॅनर आधी तिथे आपला उजेड मापतो. तिथे कण बसला की त्या जागी अंधार आहे असं समजून तो तेवढ्याच रेषेत उजेड वाढवतो, थेट खालपर्यंत, आणि निगेटिव्हचं पॉझिटिव्ह केलं की तीच काळी रेघ होते. पट्टीवर ओलसर कापूस फिरवला. तांबडा झाला.

"दसऱ्याला पूजा केलीस?"

"केली ना. मामांची पद्धत. हळदकुंकू, झेंडू. नंतर पुसली की रे काच!"

मधोमध पुसली होती. तुम्हीही कॅमेऱ्याला कुंकू लावायचात मास्तर, पण लाकडाला. भिंगाच्या आसपास बोट जाऊ द्यायचा नाहीत. मी ते दारातून पाहिलं. तो तुमच्या शेजारी होता, ताट धरून.

तेच मला सहन होत नाही. अजून दिसतं, डार्करूमच्या लाल दिव्याखाली तुम्ही त्याच्या मागे उभे आहात, त्याचं मनगट धरून ट्रे हलवताय, "हळू रे, पाण्याला कळता कामा नये." मी बेसिनवर प्रिंट धुतोय आणि दुसरा हात रिकामाच तसा हलवून बघतोय. माझं मनगट तुम्ही कधी धरलं नाहीत. एकदा माझी प्रिंट उचलून बघितलीत, "जमतंय की तुला," म्हणालात, आणि पुन्हा त्याच्याकडे वळलात.

रेघा गेल्यावर त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "मामा म्हणायचेच, ह्याला शिकवायला लागत नाही, तुझं मी काय करू रे गाढवा?" तो स्वतःची फजिती सांगून हसत होता. मला त्या गाढवाचाही हेवा वाटला. म्हणजे मला येत होतं, म्हणून मी बाहेर राहिलो.

मग म्हणाला, "सगळा पेटारा तूच स्कॅन कर. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची भीती वाटते. पुस्तक काढू मामांचं. तुझं नाव टाकू, तांत्रिक साहाय्य म्हणून."

"आणि तुझं?"

"माझं काय, शिष्य म्हणून." सहज म्हणाला. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, तेव्हा तेवढंही सांगून टाकतो. तुमची एकेक फिल्म हातात येणार होती, वर दीड लाख रुपये देतो म्हणाला. मी नको म्हटलं, आणि वेळ नाही असं खोटंच कारण दिलं.