मधल्या कुरणाचं फाटक

शनिवार, २८ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! सिडनीकडच्या आमच्या न्यूकॅसलहून दोन दिवस लागले. शेवटचे नव्वद किलोमीटर कच्चा रस्ता आणि त्यावर पाच फाटकं. चालवणाऱ्याच्या शेजारी जो बसतो त्याने उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी गेली की होतं तसं करायचं — इकडचा कायदाच तो. नवरा चालवतोय, म्हणजे मीच! लेक टेगन मागे कानात बोंडं घालून ढिम्म. तेरा वर्षांची घोडी.

डॅरिल इथेच वाढला. त्याच्या बापाने ही जमीन विकली त्याला एकोणीस वर्षं झाली. आता मर्लबाई बघतात — मेंढ्या, आणि आमच्यासारखे पैसे देऊन तंबू ठोकणारे पाहुणे. पाहुण्यांच्या वहीत नाव लिहिताना डॅरिल हसला. मला नाही हसू आलं.

रविवार, २९

भयंकर ऊन. मर्लबाई चहाला आल्या. सत्तरीच्या, पण काटक. "गुडघे गेले माझे, नरेल. मॅनेजर हवाय. ही माती ओळखणारा." बोलत होत्या माझ्याशी, बघत होत्या डॅरिलकडे. हा आपला निखारे उकरतोय. कान लालबुंद.

इथे राहायचं? डॉक्टर विमानाने येणार, शाळा कॉम्प्युटरवर. माझी नोकरी, माझी आई, टेगनचं पोहणं — सगळं तिकडे. नको म्हणजे नको! पण त्याने अजून विचारलेलंच नाही. ‘नाही’ तरी कोणाला म्हणू?

सोमवार, ३०

डॅरिल सकाळपासून शीळ घालतोय. किती वर्षांनी.

बुधवार, २ ऑक्टोबर

फार वाईट झालं. मर्लबाईंची मधल्या कुरणात आज फेरी होती. एकवीस मेंढ्या मेलेल्या, वर कोकरं. सगळ्या फाटकाला अंग लावून पडलेल्या. पलीकडे दोनशे पावलांवर भरलेला हौद!

"उघडं होतं ते!" मर्लबाई ओरडल्या. "इकडची टाकी फुटल्यापासून पाण्यासाठी उघडंच ठेवते मी. कुठल्या शहाण्याने लावलं?" शेजारच्या तंबूत सिडनीचं एक तरुण जोडपं आहे. बाईंची नजर त्यांच्यावर. ती पोरगी रडायलाच लागली.

मला लख्ख आठवतंय. शनिवारी उतरून बघते तर ते उघडंच होतं. मी तसंच सोडून गाडीत बसत होते, तर डॅरिल म्हणाला, "लाव गं ते. ते कायम बंदच असतं." मी म्हटलं, अरे, उघडं होतं ना? "बाबा सालटं काढतील!" बाप जाऊन नऊ वर्षं झाली. आणि मी लावलं.

डॅरिल दुपारभर मेलेल्या मेंढ्या ओढत होता.

गुरुवार, ३

इथे तरी खरं लिहावं. आम्ही लावलं म्हणून सांगितलं की याची इथली नोकरी गेली. म्हणजे मला हवं तेच! मग ते खरं बोलणं कसलं? तो तर माझा मतलब. आणि गप्प बसले तर त्या सिडनीच्या पोरीवर आळ. रात्रभर हेच.

शेवटी गेलेच. मर्लबाई पडवीत एका कोकराला बाटलीने दूध पाजत होत्या.

"त्या फाटकाचं बोलायचं होतं —"

"बस. तुझा नवरा सकाळीच येऊन गेला. म्हणाला, मीच लावलं, बायको पेंगत होती." मर्लबाई सिडनीवाल्यांची माफीही मागून आल्या होत्या.

"मी पेंगत नव्हते. मीच लावलं."

"ठाऊक आहे गं. शेजारी बायको असताना चालवणारा कधी उतरलाय का इकडे?" मग म्हणाल्या, "मी म्हटलं त्याला, चूक झाली, तरी ये. तर नको म्हणाला. म्हणाला, नरेलला इथे नाही करमायचं."

मी कधी बोलले होते? एका शब्दाने तरी?

रविवार, ६

घरी. डॅरिलने गाडी धुतली. टेगनशी हसतोय, थट्टा करतोय. त्या विषयाचा चकार शब्द नाही. उद्यापासून त्याने पुन्हा दुकानात सिमेंटची पोती विकायची.

मी सुटले, असं वाटायला हवं ना? तोंड न उघडता मनासारखं झालं. उलट संताप येतोय. मला विचारलं नाही, माझ्या वतीने नाही म्हणून आला, माझी चूक अंगावर घेतली — आणि वर कप विसळतोय! भांडावं तरी कशावरून?

मेंढ्या ओढताना त्याचा चेहरा पाहिला होता मी. रडवेला होता. पण कुठली मेंढी कुठे पुरायची ते मर्लबाई त्यालाच विचारत होत्या. दुकानात याला कोणी काही विचारत नाही.

शुक्रवार, ११

मर्लबाईंना फोन केला. मॅनेजरची जागा रिकामीच आहे. जानेवारीत येतो म्हटलं, आधी एक वर्षापुरतं. डॅरिल संध्याकाळी सहाला घरी येईल. त्याला अजून काहीच माहीत नाही.